सराफाचा काटा आणि संग्राहकाची वही

मराठी माणूस दुसऱ्याची पारख करू लागला, की नकळत सराफाच्या पेढीवरचे शब्द वापरतो. भरवशाच्या माणसाला तो खणखणीत नाणे म्हणतो. नवख्याला वाजवून घ्यावे, असे तो सुचवतो आणि घराण्याच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून जपतो. या वाक्प्रचारांमागे एक मोठा व्यवहार उभा होता. नाणे वाजवून घेण्याची गरज ज्या काळात प्रत्येक गिऱ्हाइकाला रोज पडत असे, त्या काळाची ती स्मृती आहे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी अंमलाखालच्या मुलखात एकच एक रुपया चालत नव्हता. पुण्याकडचा अंकुशी, चांदवडचा चांदवडी, इंदूरच्या मल्हारनगर टांकसाळीचा, महेश्वरचा, उज्जैनचा, ग्वाल्हेरचा, बडोद्याचा असे अनेक रुपये एकाच बाजारात फिरत. त्यांपैकी बहुतेकांवर फारसी अक्षरे आणि दिल्लीच्या शाह आलम बादशहाचे नाव असे. ती अक्षरे गिऱ्हाइकाला वाचता येत नसत. पण सराफ चिन्हावरून टांकसाळ ओळखी. अंकुश दिसला की पुण्याकडचा, सूर्यमुख दिसले की मल्हारनगरचा, शिवलिंग आणि बेलाचे पान दिसले की अहिल्याबाईंच्या महेश्वरचा. पुढे बडोद्याच्या नाण्यांवर गायकवाडांच्या नावाची नागरी आद्याक्षरे आली. एका रुपयाच्या बदल्यात दुसरा देताना त्यातील चांदीचा कस, वजन आणि झीज पाहून जी तूट आकारली जाई, तिलाच बट्टा म्हणत. सराफाची सारी विद्या या तुटीच्या हिशेबात होती आणि ती साधी विद्या नव्हती. बोटांच्या स्पर्शावरून व दगडावरच्या आवाजावरून तो जे सांगे, त्यावर सरकारी वसूल आणि शेतकऱ्याची उपजीविका अवलंबून असे.

१८३५ साली कंपनी सरकारने आपल्या मुलखासाठी एकाच वजनाचा व कसाचा रुपया ठरवला आणि या विद्येची रोजची गरज हळूहळू ओसरली. संस्थानांतून स्वतःची नाणी त्यानंतरही बराच काळ निघत राहिली. हैदराबादचा हाली सिक्का तर १९५९ पर्यंत व्यवहारात होता. तथापि जुने नाणे पेढीवर आले, की त्याचे दोनच मार्ग उरले. एक मुशीचा, दुसरा, ते नाणे धातूहून अधिक मोलाचे आहे असे मानणाऱ्या एखाद्या छांदिष्टाच्या घरचा. आजचा नाणेव्यापारी आणि आजचा नाणेसंग्राहक यांच्या नात्याचा उगम या वळणावर आहे.

पश्चिम भारतात या छंदाला विद्येचे रूप देणाऱ्यांत डॉ. भाऊ दाजी लाड आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांची नावे अग्रभागी घ्यावी लागतात. भाऊ दाजी मूळचे गोव्यातील मांद्र्याचे. जन्म १८२२ चा. मुंबईत वैद्यकी करीत असताना त्यांनी शिलालेख, ताम्रपट व नाणी यांचा ध्यास घेतला. भगवानलाल १८३९ साली जुनागढला जन्मले. गिरनारच्या पायथ्याचा प्रस्तरलेख लहानपणापासून त्यांच्या डोळ्यांसमोर होता. ब्राह्मी लिपी ते स्वतःच्या कष्टाने शिकले आणि पुढे भाऊ दाजींचे सहायक म्हणून मुंबईस आले. दोघांच्याही हाती मोठी सत्ता नव्हती की अमाप पैसा नव्हता. तरीही भगवानलालांनी पश्चिमी क्षत्रपांच्या चांदीच्या नाण्यांचा जो संग्रह केला, त्याने एका राजवंशाचा इतिहास उभा राहिला.

ही नाणी आकाराने लहान, वजनाने सुमारे दोन ग्रॅम. एका बाजूला राजाचे मस्तक, दुसऱ्या बाजूला पर्वताचे चिन्ह आणि भोवती ब्राह्मी अक्षरे. त्या अक्षरांत राजाचे नाव असते आणि त्याच्या पित्याचेही. पुढे पुढे मस्तकामागे वर्षाचा आकडाही येऊ लागला. अशा एका नाण्याने फारसे काही कळत नाही. पण शेकडो नाणी ओळीने मांडली, की या नाण्यावरचा पुत्र त्या नाण्यावर पिता म्हणून भेटतो. वर्षे जुळत जातात आणि सुमारे तीन शतकांची वंशावळ आपोआप सांधली जाते. गंमत अशी, की वर्षाचा आकडा नाण्याच्या कडेशी असल्याने पुष्कळदा ठशाबाहेर गेलेला असतो. म्हणून मुखवटा सुबक उमटलेले, पण आकडा हरवलेले नाणे व्यापाऱ्याला प्रिय. आणि मुखवटा झिजलेले, पण आकडा शाबूत असलेले नाणे अभ्यासकाला प्रिय. एकाच वस्तूकडे पाहणाऱ्या दोन नजरांतील अंतर याहून नेमके दाखवणे कठीण आहे.

भगवानलाल १८८८ साली निवर्तले. आपला नाणेसंग्रह त्यांनी ब्रिटिश म्युझियमला दिला. क्षत्रपांवरील त्यांचा निबंध मृत्यूनंतर, १८९० साली, रॅप्सन यांनी संपादित करून प्रसिद्ध केला. आंध्र व क्षत्रप नाण्यांची सूची रॅप्सन यांनी १९०८ साली तयार केली, तिच्यातही या संग्रहाचा मोठा आधार होता. हा ठेवा देशात राहिला नाही याची खंत आजच्या वाचकाला वाटेल, आणि ती रास्त आहे. परंतु तो एकत्र राहिला, हेही विसरता येत नाही. तोच संग्रह सुटा सुटा विकला गेला असता, तर प्रत्येक नाण्याला कदाचित चांगली किंमत आली असती; वंशावळ मात्र विखुरली असती.

दुसरे उदाहरण मराठी वाचकांच्या अधिक जिव्हाळ्याचे आहे. मराठी संतचरित्रांची इंग्रजी भाषांतरे करणारे अमेरिकन मिशनरी जस्टिन अ‍ॅबट हे नाव अनेकांना ठाऊक असते. त्याच अ‍ॅबटांनी १९०० च्या सुमारास शिवराईचा अभ्यास केला, हे तितकेसे ठाऊक नसते. शिवराई म्हणजे एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी नागरी अक्षरे असलेले तांब्याचे नाणे. महाराजांच्या नंतरही त्याच नावाने ते दीर्घकाळ पाडले गेले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसही खेड्यापाड्यांच्या बाजारांत ते हाताळले जात होते. साहजिकच त्याला दुर्मिळतेचे मोल नव्हते. कोणताही व्यापारी त्याच्याकडे ढुंकून पाहणार नाही, इतके ते सामान्य. अ‍ॅबटांनी अशा हजारो शिवराया पाहिल्या आणि अक्षरांवरून त्यांचे प्रकार लावले. कोठे ‘शिव’, कोठे ‘सिव’, कोठे दीर्घ ईकार. कोठे ओळीखाली दोन दांडे, ज्यांवरून पुढे संग्राहकांनी त्या प्रकाराला दुदांडी असे नाव दिले. मराठी टांकसाळी, त्यांचे कारागीर आणि त्यांची लेखनपद्धती यांचा मागोवा घेण्याची वाट अशा मोजणीतूनच निघते. ती नाणी त्या दिवसांत जमवली व पाहिली गेली, कारण कोणीतरी कवडीमोल वस्तूकडे लक्ष देण्यास तयार होता. पुढे ती दुर्मिळ होऊन महाग झाल्यावर पाहणारे पुष्कळ आले. परंतु तोवर पुष्कळ शिवराया मुशीत गेल्या होत्या.

तिसरे उदाहरण सर्वांत मोठे. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा एक साठा सापडला. नाणी सुमारे १३,२५० होती. ती क्षहरात राजा नहपान याची. एका बाजूस मस्तक व ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूस बाण, वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लेख. त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाच्या मुखावर त्रिकूट पर्वताचे चिन्ह आणि पाठीवर ते चिन्ह, ज्याला नाणेशास्त्रात उज्जयिनी चिन्ह म्हणतात. गौतमीपुत्राने क्षहरात वंशाचा उच्छेद केला, असे त्याची माता गौतमी बलश्री हिने नाशिकच्या लेण्यातील लेखात नोंदवले होते. पण तो मातेने लिहविलेला गौरवलेख. जोगलटेंभीने त्याला साक्षीदार दिला. जित राजाची नाणी गोळा करून जेत्याने त्यांवर आपले नाव उमटवले, याचा हजारो प्रतींतला पुरावा हाती आला.

या साठ्याचे परीक्षण रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी केले. त्यांच्या लक्षात आलेली एक गोष्ट विशेष आहे. नहपानाचे नाव सर्व नाण्यांवर एकच, पण चेहरे सारखे नाहीत. कोठे तरुण, कोठे वृद्ध. नाक, हनुवटी, गाल यांत इतका फरक, की ही एकाच माणसाची चित्रे असतील काय, असा प्रश्न त्यांना पडला. त्यांचे उत्तर सर्वांनी मान्य केले असे नाही. परंतु हा प्रश्न विचारता येण्यासाठीच हजारो नाणी एकाच वेळी समोर असावी लागतात. दहा नाणी पाहणाऱ्याला तो सुचलाही नसता.

आता याच साठ्याकडे काट्याच्या बाजूने पाहावे. प्रत्येक नाणे दोन ग्रॅमचे धरले, तर एकूण चांदी साधारण २६ किलो भरते. त्या काळच्या रुपयाच्या वजनाशी ताडून पाहिले, तर ती सव्वादोन हजार रुपयांच्या वजनाइतकी होते. म्हणजे सातवाहनांच्या इतिहासातील एक कोडे सोडवणारा पुरावा मुशीत घातला असता, तर त्याचे एवढेच मोल उरले असते. चांदी कोठेही गेली नसती. नाहीसे झाले असते ते ही नाणी एकत्र होती, एका ठिकाणी होती, आणि त्यांत अमुक इतकी ठसा फिरवलेली होती, हे ज्ञान.

ही जोखीम कायद्याच्या लक्षात आली नव्हती असे नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले द्रव्य सापडले, तर त्याची वर्दी कलेक्टरला देणे बंधनकारक झाले. सरकारला ते ठेवून घ्यायचे असल्यास धातूची किंमत आणि तिचा पाचवा हिस्सा अधिक, असा मोबदला ठरवण्यात आला. येथेच अडचण होती. मोबदला धातूच्या किमतीवर बांधलेला आणि चुकल्यास शिक्षेची तरतूद. नांगराला हंडा लागलेल्या शेतकऱ्याच्या मनात कृतज्ञतेपेक्षा भीतीच उभी राहावी, अशी ही रचना. मग हंडा रात्रीतून फुटतो. काही नाणी घरातल्या दागिन्यांत जातात, काही लांबच्या गावच्या पेढीवर. ती विकणारा आपले गाव सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. तेथून पुढे ते नाणे कितीही सुंदर असो, कितीही काळजीने जपलेले असो, त्याच्या जन्माची नोंद पुसली गेलेली असते. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याने शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरले, त्याच्या व्यापाराला परवाना आवश्यक झाला आणि खासगी व्यक्तीस ते देशाबाहेर नेण्यास मनाई झाली. त्यामुळे नाण्यांची वाट काहीशी अडली. हरवलेले गाव मात्र कोणताही कायदा परत आणू शकत नाही.

एवढ्यावरून व्यापाऱ्याला खलनायक ठरवणे अन्यायाचे होईल. नाणे मातीतून वर आल्यावर त्याला प्रथम ओळखणारा डोळा पुष्कळदा त्याचाच असतो. विद्यापीठातला पंडित खेड्याच्या बाजारात बसलेला नसतो. व्यापारी बसलेला असतो. धातूहून अधिक किंमत देण्यास तो तयार झाला, म्हणूनच असंख्य नाणी मुशीतून वाचली. खोटे ओळखण्यात तर त्याला तोड नाही. ठशाने पाडलेले नाणे आणि साच्यात ओतलेले नाणे यांतील फरक तो क्षणात सांगतो. ओतीव नाण्याची अक्षरे बोथट असतात, अंगावर बारीक छिद्रे दिसतात, कडेवर सांध्याची रेघ राहते आणि वजन जुळत नाही. शिवछत्रपतींचा सोन्याचा होन अतिशय दुर्मिळ. त्याच्या नकला अनेक निघाल्या, आणि त्या पकडण्यात अनुभवी व्यापाऱ्याची नजर विद्वानाच्या पुस्तकापेक्षा अधिक उपयोगी पडते. व्यापाऱ्याचे भांडवल अडकलेले असते; चूक झाली तर तिची किंमत तो त्याच दिवशी मोजतो. त्याची पारख तीक्ष्ण होते ती या धारेवर.

उलट संग्राहक सगळेच भगवानलाल असतात असेही नाही. मिळालेले नाणे चिंच आणि राख लावून लख्ख घासणारे संग्राहक घरोघर आहेत. शतकांचा थर आणि त्याबरोबर अक्षरांच्या कडा आपण नाहीशा करीत आहोत, हे त्यांना कळत नाही. काहींना संग्रह कुलूपबंद ठेवण्यातच धन्यता वाटते. तो अभ्यासकाला दाखवणे दूरच, घरच्यांनाही त्याची माहिती नसते. असा संग्राहक गेला, की वारस गोंधळतात आणि डबा आणला तसा पेढीवर नेऊन ओततात. तीस-चाळीस वर्षांच्या निवडीला त्या दुपारी वजनाचा भाव येतो. ज्या संग्रहाची यादी नाही, त्याचे हे ठरलेले भवितव्य आहे. व्यापाऱ्याचा यात दोष नाही. त्याच्यापुढे जे आले, त्याचाच तो भाव करतो.

म्हणून व्यापारी आणि छांदिष्ट यांतील खरा भेद हेतूच्या शुद्धतेत शोधू नये. तो त्यांच्या कामाच्या रीतीत आहे. व्यापाऱ्याला नाणे फिरते ठेवावे लागते. संग्राहकाला ते थांबवता येते. व्यापाऱ्याला एक नाणे पाहावे लागते, कारण गिऱ्हाईक एकच घेते. संग्राहक ओळ पाहू शकतो. व्यापाऱ्याला नाणे कोठून आले हे न सांगण्यात कधी कधी सोय असते. संग्राहकाला ते लिहून ठेवण्यात कोणतीही तोशीस नाही. आणि ते त्याने लिहिले नाही, तर तो केवळ सावकाश विकणारा व्यापारी ठरतो.

ही लिहून ठेवण्याची रीत रुजवण्यासाठी संस्था लागल्या. १९१० हे साल या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी ७ जुलैला पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले आणि २८ डिसेंबरला अलाहाबादेत न्यूमिस्मॅटिक सोसायटी ऑफ इंडियाचा जन्म झाला. सोसायटीच्या संस्थापकांत नेल्सन राइट व रिचर्ड बर्न यांच्यासारखे सनदी अधिकारी होते, टेलर यांच्यासारखे मिशनरी होते आणि मुंबईचे फ्रामजी ठाणावाला होते. ही सारी मंडळी आपापला व्यवसाय सांभाळून नाण्यांत रमणारी. पुढे नाशिकजवळ अंजनेरी येथे १९८० साली स्थापन झालेल्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेने १९८९ मध्ये मराठ्यांच्या टांकसाळी व नाणी यांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे लेखक के. के. माहेश्वरी आणि इंग्लंडमधील केनेथ विगिन्स हे दोघेही मूळचे संग्राहक. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, उज्जैन येथील नाण्यांचे जे ज्ञान आज सहज उपलब्ध वाटते, त्याच्यामागे अशा छांदिष्टांच्या नोंदवह्या आहेत.

काळ मात्र बदलला आहे. पेढीच्या जागी प्रदर्शने, लिलाव आणि संगणकाचा पडदा आला. छापील किंमतसूचीमुळे अडाणी विक्रेत्याची फसवणूक काहीशी कमी झाली, पण प्रत्येक जुन्या नाण्याला लाखांचा भाव असतो असा भ्रमही पसरला. एका बाजूस रामदरबार अथवा मारुती आणि दुसऱ्या बाजूस ईस्ट इंडिया कंपनीचे नाव असलेले, १६१६ किंवा १८१८ साल घातलेले तांब्याचे तुकडे याच भ्रमावर विकले जातात. कंपनीने ती नाणी कधीच काढलेली नव्हती. जुन्या नोटा व नाणी यांच्या खरेदी-विक्रीसाठी आपल्या नावाने शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहावे, असा इशारा रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये द्यावा लागला. सराफाच्या दगडावर नाणे वाजवता येत होते. पडद्यावरचे चित्र वाजत नाही.

या परिस्थितीत छंद सोडावा असे नाही. तो नीट करावा. नाणे घेतले त्या दिवसाची तारीख, विक्रेता, सांगितलेले ठिकाण, वजन, दिलेली किंमत आणि त्याच्याबरोबर आलेली इतर नाणी एवढे लिहिलेली कागदाची एक चिठ्ठी प्रत्येक नाण्यासोबत असावी आणि तीच नोंद एका वहीत असावी. सांगितलेले ठिकाण खात्रीचे नसेल, तर तसेही लिहावे. या कामाला पदवी लागत नाही आणि पैसाही लागत नाही.

ग्रंथालयाशी ज्यांचा संबंध आहे, त्यांना यात नवे काही वाटणार नाही. ग्रंथ आला, की कपाटात जाण्यापूर्वी तो दाखलनोंदवहीत जातो: क्रमांक, दिनांक, कोणाकडून आला, किंमत काय. ही नोंद करणाऱ्याला तो ग्रंथ आवडला असेल वा नसेल. त्याने तो वाचलाही नसेल. पण त्याच्या त्या एका ओळीमुळे शंभर वर्षांनंतर हा ग्रंथ कोणी, केव्हा, कोणत्या हेतूने दिला, हे सांगता येते. नोंद नसलेला ग्रंथ रद्दीच्या तागडीत जाण्यास वेळ लागत नाही. नाण्याचेही तसेच आहे. काटा त्याचे वजन सांगतो आणि ते खरेच असते. ते कोठून आले, कोणाबरोबर आले, हे फक्त वही सांगू शकते. आणि ती वही ज्याच्या त्याने आपल्या हयातीतच लिहायची असते.